कानाचे यंत्र लहान होत गेले. किंमत का नाही?

१८१९ साल. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, त्याला जेमतेम दोन वर्षे होत होती. गोव्यात ज्याच्या नावाने कारभार चाले, तो पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव तेव्हा ब्राझीलमध्ये राहत होता. नेपोलियनची फौज लिस्बनच्या वेशीवर येताच, १८०७ साली, अख्खा दरबार गलबतांत घालून त्याने देश सोडला होता. या राजाला ऐकू कमी येई. त्याच्यासाठी लंडनच्या एफ. सी. राइन या कारागिराने एक सिंहासन घडविले.

सिंहासनाचे दोन्ही हात आतून पोकळ होते आणि त्यांच्या टोकांना जबडा वासलेले कोरीव सिंह होते. अर्ज घेऊन आलेल्याने गुडघे टेकायचे आणि सिंहाच्या तोंडाशी बोलायचे. आवाज त्या पोकळीतून आत जमा होई आणि एका नळीवाटे राजाच्या कानाशी पोहोचे.

ऐकू राजाला येत नव्हते. वाकायचे मात्र समोरच्याने. श्रवणसाधनांच्या इतिहासात अशी सोय पुन्हा कुणाच्या वाट्याला आली नाही. पुढच्या दोनशे वर्षांत वाकण्याची पाळी कमी ऐकणाऱ्यावरच आली: लाजेपुढे, दुकानदारापुढे आणि किमतीपुढे. हा धागा त्या किमतीविषयी आहे. घरोघरी ज्याला ‘कानाचं मशीन’ म्हणतात, त्यातील प्रत्येक भाग गेल्या ऐंशी वर्षांत स्वस्त झाला. तरी मशीन स्वस्त का झाले नाही, हा त्यातील प्रश्न.

राइन यांचा धंदा १८०० च्या सुमारास सुरू झाला. त्यांच्याकडे साधे कर्णे मिळतच. पण खरी मागणी होती ती कर्णा दिसू नये अशा वस्तूंना. पंख्यात दडविलेला कर्णा, केसांच्या पट्टीत बसविलेला, हातातील काठीत लपविलेला, दाढीखाली ठेवण्याजोगा. वस्तूचे काम एकच, परंतु दडविण्याची कारागिरी निराळी आणि तिचे दामही निराळे. ही खूणगाठ येथेच बांधून ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते.

दडवणे हा काही निसर्गनियम नव्हता. चित्रकार जोशुआ रेनल्ड्स यांनी १७७५ च्या सुमारास स्वतःचे चित्र काढले, त्यात ते कानामागे हात धरून ऐकू पाहत आहेत. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो तरुणपणापासून कर्णा वापरीत आणि चारचौघांत उघडपणे वापरीत. १८३४ साली त्यांनी कमी ऐकणाऱ्यांना उद्देशून एक जाहीर पत्र प्रसिद्ध केले. साधन वापरण्याची लाज सोडा, कारण तुमच्या संकोचाचा भार समोरच्यावर पडतो, असा त्यातील रोख होता. मार्टिनोबाईंचे ऐकले असते तर या व्यवसायाचा इतिहास निराळा झाला असता. ऐकले गेले नाही.

कर्ण्याची ताकद तरी किती? रुंद तोंडाने आवाज गोळा करायचा आणि निमुळत्या टोकाने कानात सोडायचा, एवढेच त्याचे शास्त्र. त्यातून आवाज १०-१५ डेसिबलने वाढे, उत्तम कर्ण्यात थोडा अधिक. डेसिबलचे माप गुणाकाराचे आहे: १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दसपट. ज्याचे ऐकणे थोडे कमी झाले आहे त्याला एवढे पुरे. बीथोव्हनला पुरले नाही. मेट्रोनोमसाठी प्रसिद्ध असलेल्या मेल्त्सेल यांनी १८१३ च्या आसपास त्याच्यासाठी कर्णे बनविले, पण १८१८ पासून भेटायला येणारे लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलू लागले. त्या संभाषण-वह्या आज इतिहासकारांचा खजिना आहेत.

विजेने चित्र बदलले, आणि ते बदलले एका अशा माणसामुळे ज्याच्याविषयी एका वाक्यात निवाडा देणे अवघड आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची आई कानाने अधू होती. पत्नी मेबल पाचव्या वर्षी आलेल्या आजारात पूर्ण बहिरी झाली होती. १८७६ च्या टेलिफोनमागे मुळात बहिऱ्यांना शिकविण्याची खटपट होती. पण हेच बेल खुणांच्या भाषेचे कडवे विरोधक होते. १८८० साली मिलान येथे भरलेल्या बहिऱ्यांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्या मताचे बेल हे मोठे आधारस्तंभ. त्या ठरावाने कित्येक पिढ्यांची भाषा हिरावून घेतली. यंत्राचा इतिहास सांगताना हे सांगणे भागच आहे, कारण ज्यांना खुणांची भाषा आहे त्यांच्या जगण्याला यंत्र हा पर्याय नव्हे. या धाग्याचा विषय आहे तो बोलत-ऐकत मोठे झालेले आणि मग हळूहळू आवाजाला पारखे होणारे लोक. त्यांची संख्याच फार मोठी आहे.

टेलिफोनमधील कार्बनचा मायक्रोफोन, एक बॅटरी आणि कानाला लावायचा श्रवणक एवढ्या सामग्रीवर पहिली विजेची श्रवणयंत्रे उभी राहिली. अमेरिकेत अलाबामाच्या मिलर रीस हचिन्सन यांनी १८९८ च्या सुमारास असे यंत्र केले आणि पुढे ‘अकूस्टिकॉन’ नावाने विकले. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिने ते वापरले, १९०२ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास तर त्याची फारच वाहवा झाली. याच हचिन्सननी मोटारीचा कर्कश ‘क्लॅक्सन’ भोंगाही शोधला. आधी भोंग्याने लोकांना बहिरे करायचे आणि मग त्यांना यंत्र विकायचे, असा हा बेत आहे, ही थट्टा मार्क ट्वेन यांच्या नावावर सांगितली जाते.

कार्बनची यंत्रे खरखरत. १९२० नंतर निर्वात नळ्यांची यंत्रे आली. आवाज स्वच्छ झाला, पण ओझे वाढले. नळीला दोन प्रकारची वीज लागे: तार तापविण्यासाठी एक बॅटरी आणि पट्टीवर जास्त दाब देण्यासाठी दुसरी. यंत्र छातीशी, बॅटऱ्या कमरेला किंवा मांडीला बांधलेल्या, आणि या दोहोंमध्ये कपड्यांच्या आतून धावणारी वायर. बॅटऱ्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागत. ऐकणे ही तेव्हा मासिक खर्चाची बाब होती.

येथे किमतीच्या कथेतील पहिला बंडखोर प्रवेश करतो. झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनल्ड स्वतः एका कानाने अधू होते. रेडिओ बनविणाऱ्याला रेडिओच्या भागांची किंमत ठाऊक असते. श्रवणयंत्र म्हणजे लहान आकाराचा ध्वनिवर्धक; मग ते एवढे महाग कसे? १९४३ साली, ऐन युद्धात, झेनिथने ‘रेडिओनिक’ हे यंत्र ४० डॉलरांना बाजारात आणले. इतर कंपन्यांची यंत्रे तेव्हा त्याच्या तिप्पट-चौपट किमतीला विकली जात. शिवाय स्वर कमी-जास्त करण्याची कळ वापरणाऱ्याच्याच हाती दिलेली. जुळणीसाठी विक्रेत्याच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण नाही. विक्रेते खवळले, ग्राहक मात्र रांगा लावून आले. नळ्या, बॅटऱ्या, तारा यांची खरी किंमत काय, हे त्या ४० डॉलरांनी उघडे केले. उरलेले पैसे कशाचे होते, हा प्रश्न तेव्हापासून शिल्लक आहे.

दुसरे उत्तर ब्रिटनने दिले. तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने एका आदर्श यंत्राचा आराखडा तयार केला. त्याचे नाव ‘मेडरेस्को’. सरकारने तो आराखडा कारखानदारांना दिला आणि घाऊक मागणी नोंदविली. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा हे यंत्र गरजूंना विनामूल्य मिळू लागले, बॅटऱ्यांसकट. सर्वसामान्य कामगाराला, पेन्शनीत निघालेल्या शिक्षिकेला, युद्धात कान गमावून परतलेल्या सैनिकाला प्रथमच पैशाचा विचार न करता ऐकता आले.

मेडरेस्कोचा दोषही सांगितला पाहिजे. ते बोजड होते, वेगळी बॅटरी-पेटी बाळगावी लागे, आणि दूरवरून ओळखू येई. सरकारी खाते एकदा आराखडा ठरला की सहजासहजी हलत नाही: कानामागे बसणारे यंत्र आरोग्य सेवेतून मिळू लागायला १९७४ साल उजाडले. तोपर्यंत ज्यांना परवडे ते खासगी दुकानांतून लहान यंत्र घेत. स्वस्त पण ओळखू येणारे, की महाग पण लपणारे, अशी ती निवड होती, आणि ती आजही तशीच आहे.

आता ट्रान्झिस्टर. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला. ग्रॅहम बेल यांच्या स्मरणार्थ कंपनीने श्रवणयंत्र बनविणाऱ्यांना त्याची रॉयल्टी माफ केली. म्हणूनच ट्रान्झिस्टर असलेली बाजारातील पहिली वस्तू रेडिओ नव्हती, श्रवणयंत्र होती. १९५२ च्या अखेरीस ‘सोनोटोन १०१०’ आले. त्यात दोन नळ्या आणि एक ट्रान्झिस्टर होता. किंमत २२९ डॉलर ५० सेंट. ट्रान्झिस्टरच्या खिशातील रेडिओला अजून दोन वर्षे होती. काही महिन्यांतच नळ्या पूर्ण टाकून दिलेली यंत्रे आली. बॅटरीचा खर्च कोसळला. यंत्राची किंमत कोसळली नाही.

रॉयल्टी माफ, बॅटऱ्या स्वस्त, भाग लहान. आणि तरी ती किंमत झेनिथच्या १९४३ सालच्या यंत्राहून, महागाई धरली तरीही, कितीतरी अधिक. बचत गेली कोठे? काही नव्या तंत्रात, हे खरे. ट्रान्झिस्टर आरंभी महाग होते आणि अंगाच्या घामाने व उष्णतेने बिघडत. पण मोठा वाटा गेला तो आकारात. जे जे वाचले, ते ते यंत्र आणखी लहान करण्यासाठी खर्ची पडले, आणि लहान यंत्राला अधिक दाम हा राइन यांच्या दुकानातील नियम तसाच राहिला.

या काळातील एक गमतीदार उपकथा. रेथिऑन कंपनी श्रवणयंत्रांसाठी सीके-७१८ नावाचा ट्रान्झिस्टर बनवी. जे नग त्या कसोटीला उतरत नसत, ते सीके-७२२ या नावाने हौशी मंडळींना विकले जात. १९५३ मध्ये ७ डॉलर ६० सेंटला एक. अमेरिकेतील एका पिढीतील मुलांनी या नापास ट्रान्झिस्टरांवर स्वतःचे रेडिओ जोडले आणि त्यांतले कित्येक पुढे अभियंते झाले. तसेच जॅक किल्बी. १९५८ साली एकात्मिक मंडल, म्हणजे आजच्या चिपचा पूर्वज, बनविण्याआधी मिलवॉकीच्या एका कंपनीत ते श्रवणयंत्रांच्या ट्रान्झिस्टर-मंडलांवर काम करीत होते. चिप बसविलेली सर्वसामान्य ग्राहकांसाठीची पहिली वस्तूही श्रवणयंत्रच: झेनिथचे, १९६४ सालचे. किल्बींना २००० साली नोबेल मिळाले.

सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकी आधी कमी ऐकणाऱ्यांच्या कानांवर पारखली गेली आणि मग जगाच्या खिशात गेली. खिशातला रेडिओ, गणकयंत्र, मोबाइल यांच्या किमती पुढे धडाधड उतरल्या. ज्यांच्या पैशावर ही पारख झाली, त्यांच्या यंत्राची किंमत मात्र वर चढत राहिली. तंत्रज्ञानाच्या इतिहासातील ही एक न फेडलेली उधारी आहे.

१९५० च्या दशकात चष्म्याच्या काडीत बसविलेली यंत्रे निघाली. त्यांचा खप पाहण्यासारखा होता. चष्मा लावणे म्हणजे अभ्यासू दिसणे. मशीन लावणे म्हणजे म्हातारे दिसणे. मराठी नाटक-सिनेमातही चष्मेवाला प्राध्यापक असतो, पण बहिरे पात्र हमखास भलतेच ऐकून हशा मिळविण्यासाठी असते. दोन्ही इंद्रियांचीच उणीव, पण एकीला मान आणि दुसरीला थट्टा. या थट्टेचा आर्थिक परिणाम कुणी मोजत नाही. तो यंत्राच्या बिलात निमूटपणे जमा होतो.

१९८३ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी श्रवणयंत्र लावल्याचे जाहीर झाले. चित्रपटात काम करीत असताना कानाजवळ पिस्तूल झाडले गेल्याने त्यांच्या श्रवणशक्तीला इजा झाली होती. बातमी आली आणि यंत्रांची मागणी वाढली. तथापि अध्यक्षांनी निवडले तेही कानाच्या आत बसणारे, सहसा न दिसणारे यंत्र. लाज थोडी कमी झाली, लपविण्याची हौस वाढली.

लहान यंत्राची खरी किंमत केवळ पैशांत नाही. आकार घटला की बॅटरी घटते. श्रवणयंत्राच्या जस्त-हवेच्या बॅटऱ्यांना रंगांची खूण असते: ६७५ क्रमांकाची निळी, १३ ची नारिंगी, ३१२ ची तपकिरी आणि सर्वांत लहान १० क्रमांकाची पिवळी. वरचा चिकट कागद काढला की हवा आत शिरते आणि बॅटरी जागी होते. मग वापरा वा न वापरा, ती संपू लागते. पिवळी बॅटरी काही दिवसच टिकते, आणि थरथरत्या बोटांनी ती बदलणे ही ऐंशीच्या आजोबांसाठी रोजची परीक्षा असते. कानात खोलवर बसणाऱ्या यंत्रात दिशा ओळखण्यासाठी लागणारे दोन मायक्रोफोन बसवायला जागा नसते. ध्वनिवर्धक आणि मायक्रोफोन जवळजवळ आल्याने शिट्टी वाजते. कानातला मळ आत जातो. एवढे सोसून जे मिळते ते ‘दिसत नाही’ हे समाधान.

केवळ आवाज मोठा करून भागत नाही, हेही येथे समजून घेतले पाहिजे. किमतीचा प्रामाणिक भाग त्यात आहे. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शिंपल्यासारख्या नलिकेत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयाबरोबर आणि गोंगाटाने आधी मरतात त्या तीव्र, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी. मराठीतील स्वर बहुतेक खालच्या पट्टीत आहेत. स, श, त, ट, प, क यांची ओळख मात्र वरच्या पट्टीतील क्षणभराच्या ध्वनीवर ठरते. म्हणून वृद्ध माणसाला ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘काट’ यांतला ‘आ’ स्वच्छ ऐकू येतो, पण नेमके काय मागितले ते कळत नाही. ‘आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत’ ही तक्रार याच कारणाने होते.

दुसरी अडचण याहून विचित्र आहे. हळू बोलले की आजी विचारते, ‘काय?’ मोठ्याने बोलले की म्हणते, ‘ओरडतोस कशाला!’ घरातील माणसांना हा हट्ट वाटतो. वास्तविक तिचा कान बारीक आवाज टिपत नाही, पण मोठा आवाज त्याला पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू येणे आणि सहन न होणे यांमधली पट्टीच अरुंद झालेली असते. चांगले यंत्र बारीक आवाज बराच वाढविते, मध्यम आवाज थोडा वाढविते आणि मोठ्या आवाजाला जवळजवळ हात लावीत नाही. आणि हे प्रत्येक स्वरपट्टीत वेगवेगळे, त्या माणसाच्या श्रवणालेखाप्रमाणे. १९९६ साली पूर्ण डिजिटल यंत्रे बाजारात आली, तेव्हापासून हे काम एका चिपवर होऊ लागले. यंत्र आणि ध्वनिक्षेपक यांतील फरक तो हाच. जाहिरातीतील काही शे रुपयांचे ‘आवाज वाढविणारे’ डबडे सरसकट सगळेच वाढविते. त्याला श्रवणयंत्र म्हणणे चूक आहे.

म्हणजे दोन गोष्टी लागतात: चांगली चिप आणि ती त्या विशिष्ट कानाला जुळवून देणारा जाणकार माणूस. चिप आता महाग राहिलेली नाही. जाणकाराचे काम मात्र वेळखाऊ आहे: तपासणी, जुळणी, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा जुळणी, कारण वर्षानुवर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूला आवाजाची नव्याने सवय व्हावी लागते. ग्राहकाच्या बिलात या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. सगळे एकाच आकड्यात बांधलेले असते. त्यामुळे जाणकाराला त्याच्या श्रमाचे दाम उघडपणे मागता येत नाही आणि यंत्राची किंमत किती हे ग्राहकाला कधीच कळत नाही.

त्यावर मक्तेदारीची कडी. जगातील बहुतांश श्रवणयंत्रे आज पाच मोठ्या समूहांकडून येतात: स्वित्झर्लंडचा सोनोवा, डेन्मार्कचे डिमांट आणि जीएन, २०१९ मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन झालेला डब्ल्यूएस ऑडिओलॉजी आणि अमेरिकेचा स्टार्की. एकाच मालिकेतील यंत्रे ‘साधे’, ‘मध्यम’, ‘उच्च’ अशा पायऱ्यांनी विकली जातात. अनेकदा आतील यंत्रणा तीच असते; वरच्या पायरीवर सॉफ्टवेअरची अधिक कुलुपे उघडलेली असतात, एवढाच फरक.

या पायऱ्यांनी ऐकणे सुधारते का? मेम्फिस विद्यापीठातील रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांना साधी आणि उच्च अशी दोन्ही प्रकारची यंत्रे आळीपाळीने वापरायला दिली. बोलणे समजण्यात दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाही. इंडियाना विद्यापीठातील लॅरी ह्यूम्स यांचा २०१७ चा प्रयोग तर याहून बोलका. तेच यंत्र काहींना ६०० डॉलरांना दिले, काहींना ३,६०० डॉलरांना. जास्त पैसे मोजलेल्यांना जास्त लाभ झाला नाही. याच प्रयोगात तज्ज्ञाने जुळवून दिलेले आणि स्वतः निवडून घेतलेले यंत्र यांचीही तुलना होती. फायदा दोन्ही गटांना झाला, पण तज्ज्ञाकडून घेतलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के जणांनी यंत्र ठेवून घेण्याची तयारी दाखविली. स्वतः निवडणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. किमतीने काही साधले नाही, माणसाने थोडेफार साधले. पैसे कोठे मोजावेत याचा याहून स्पष्ट निवाडा मिळणे कठीण.

अमेरिकेने मॅकडोनल्डचा मार्ग पुन्हा धरला तो जवळपास ऐंशी वर्षांनी. अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१५ मध्ये नोंदविले की एका यंत्राची सरासरी किंमत २,३०० डॉलरांहून अधिक आहे. दोन कानांना त्याच्या दुप्पट, आणि वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, १९६५ पासूनच श्रवणयंत्राला जागा नाही. २०१७ मध्ये कायदा झाला आणि १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना तेथे दुकानातून थेट यंत्र घेता येऊ लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो या कानातल्या बोंडांनाही, योग्य सॉफ्टवेअरसह, श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. जोडीची किंमत २४९ डॉलर. सोनोटोनची १९५२ सालची किंमत २२९ डॉलर ५० सेंट होती, हे आठवावे. मधल्या बहात्तर वर्षांत डॉलरची किंमत दशांशाहूनही खाली आली आहे. एवढा काळ हा आकडा खाली का आला नाही, याचे उत्तर भौतिकशास्त्रात सापडत नाही.

आणि ही बोंडे दिसतात. पांढरीशुभ्र, सर्वांच्या कानात. मार्टिनोबाईंच्या पत्राने जे साधले नाही ते गाणी ऐकणाऱ्या पोरांनी नकळत साधले. अर्थात त्यांची बॅटरी काही तासांचीच आणि तीव्र बहिरेपणाला त्यांचा उपयोग नाही.

भारतात कर हा अडथळा नाही. श्रवणयंत्रांवर वस्तू व सेवा कर शून्य आहे. संस्थाही जुन्या आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ सालची. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने ओळखली जाते. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. अडथळा आहे तो एका आकड्यात.

१९९५ च्या अपंग कायद्याने चांगल्या कानात ६० डेसिबल वा अधिक ऱ्हास असेल तरच श्रवणदोष मानला. २०१६ च्या कायद्याने पुष्कळ काही सुधारले, पण ही रेषा हलविली नाही: दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर ‘ऐकू कमी येणारे’, त्यापुढे ‘बहिरे’. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे समोरासमोरचे बोलणे जवळजवळ पूर्ण बुडेपर्यंत कायद्याच्या लेखी कान शाबूत. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात ३५ डेसिबलच्या पुढे मदतीची गरज मानते. तिच्या २०२१ च्या अहवालानुसार अशी माणसे जगात सुमारे ४३ कोटी आहेत, आणि ज्यांना यंत्राचा उपयोग होईल अशांपैकी अवघे १७ टक्के ते वापरतात. ३५ आणि ६० यांच्यामध्ये जो भारतीय सापडतो त्याला प्रमाणपत्र नाही, म्हणून एडिपचे यंत्र नाही. बाजार तेवढा मोकळा, आणि तेथे काही हजारांपासून काही लाखांपर्यंत किमती. वर्गात मागे बसणारी मुलगी, दुकानातील हिशेबात चुकू लागलेला पन्नाशीचा गृहस्थ, भजनात टाळ धरून बसणारे पण निरूपण न कळणारे आजोबा हे सगळे याच मधल्या पट्टीत आहेत. या पट्टीतच यंत्राचा लाभ सर्वांत चांगला होतो.

वृद्धांसाठी केंद्राची वयोश्री योजना २०१७ पासून आहे आणि ती गरिबीच्या निकषावर यंत्रे देते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पासष्टीपुढील, कमी उत्पन्नाच्या नागरिकांना साधने घेण्यासाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची योजना आणली. साधनांच्या यादीत श्रवणयंत्र आहे. हेतू चांगला. परंतु खात्यात ३,००० रुपये टाकणे म्हणजे एकेका म्हाताऱ्याला एकट्याने त्या बाजारात सोडणे होय. मेडरेस्कोने केले ते उलट: सरकारने स्वतः चांगला आराखडा निवडला, लाखांच्या संख्येने मागणी दिली आणि भाव आपल्या अटींवर ठरविला. तसे आजही करता येईल, आणि मेडरेस्कोचा दोषही टाळता येईल, दर काही वर्षांनी आराखडा नवा करून. यंत्राची किंमत एका ओळीत, जुळणीचे शुल्क दुसऱ्या ओळीत, असे बिल सक्तीचे करायला तर एक रुपयाही लागत नाही. वाचलेला पैसा तालुक्याच्या रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ बसविण्याकडे वळवावा; शिबिरात वाटलेले आणि पुन्हा कधीही न जुळवलेले यंत्र महिन्याभरात फडताळात जाते.

शिबिरांतून पुष्कळदा मिळते ते खिशात ठेवायचे, दोरीचे यंत्र. शहरी तज्ज्ञ त्याला नाके मुरडतात, आणि त्यात तथ्य आहे: मायक्रोफोन छातीवर असल्याने सदऱ्याची खरखर ऐकू येते, पातळाचा पदर घासला तरी कानात वादळ उठते. पण त्याच्या कळा मोठ्या असतात, अंधारातही बोटाला लागतात. ते धुण्याच्या बादलीत पडून हरवत नाही. आणि त्याला लागणारा पेन्सिल सेल गावच्या किराणा दुकानात, काडेपेटीशेजारी टांगलेला असतो.